मधल्या सुट्टीत फळा पुसणारी मुलगी

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकीची मुलं डबे घेऊन बाहेर पळायची आणि ही मागे राहून फळा पुसायला घ्यायची. आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या, मग पुन्हा कोरड्या. खडूचे तुकडे वेचून खोक्यात भरायची, तिरके झालेले बाक ओळीत लावायची. मी सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं, एकदा नाही, तीन-चार वेळा. ती मान खाली घालायची आणि मला वाटायचं, पोर लाजाळू आहे. एका दुपारी विसरलेली वही घ्यायला मी सुट्टी चालू असताना वर्गात गेले. फळा लख्ख पुसून झाला होता आणि ती तोच कोरा फळा पुन्हा पुसत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती डबा आणत नव्हती. त्या दिवशीच नाही, कधीच नाही. सुट्टीचा तेवढा वेळ कुणाच्या नजरेला न पडता काढायचा, म्हणून ते काम होतं.

अभ्यासात ती बरी होती. पहिल्या तासाला उत्तरं द्यायची, दुपारनंतर विचारलं तर उभी राहून नुसती बघत राहायची. शेऱ्यांच्या वहीत तिच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘लक्ष टिकत नाही.’ ते वाक्य मला आजही टोचतं. भुकेलं मूल वर्गात कसं दिसतं, हे मला शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मलाही सुचलं नव्हतं. मूल पोट धरून रडेल, ‘बाई, भूक लागली’ म्हणेल, असंच कुठेतरी मनात होतं. तसं होत नाही. मोठी माणसं गरिबी झाकतात ते मूल बघत असतं आणि तेही झाकायला शिकतं. कुणी म्हणतं, ‘मी घरूनच जेवून आलोय.’ कुणी सुट्टीभर नळावर तोंड धूत बसतं. कुणी इतकी दंगा-मस्ती करतं की आपण त्याला बाहेर उभं करतो आणि त्याची जेवणाच्या घोळक्यातून आपोआप सुटका होते. हजेरीपटावर ही सगळी मुलं ‘हजर’ असतात.

मेंदूचं गणित अगदी साधं आहे. मोठ्या माणसाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण २० टक्के वाटा मेंदू घेतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात तो ४० टक्क्यांच्या वर जातो. ज्या वयात अक्षरओळख आणि अंकओळख होते, नेमक्या त्याच वयात मेंदू सगळ्यात खादाड असतो. रिकाम्या पोटी मूल वाक्याच्या शेवटाला पोचतं तोवर त्याची सुरुवात हातातून निसटलेली असते. वजाबाकीत हातचा घेतं आणि विसरतं. ही झाली त्या दिवसाची भूक. तिच्या खाली आणखी एक भूक असते, ती पोट भरलं तरी जात नाही. रक्तात लोह कमी असलेलं मूल चटकन दमतं, कशातच रमत नाही, ऐकलेलं त्याच्या ध्यानात राहत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो, मठ्ठ म्हणतो. एकदा असं नाव पडलं की ते पुढच्या वर्गात मुलाच्या आधी पोचतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: शाळेतलं जेवण हा शिकवण्याचाच भाग आहे, आणि म्हणूनच ते शाळेतल्या प्रत्येक मुलाला मिळालं पाहिजे. कसलाही दाखला न मागता, कसलीही यादी न करता, एकाच पंगतीत. पहिल्या अर्ध्या वाक्यावर बहुतेक जण माना डोलावतात. भांडण सुरू होतं ते दुसऱ्या अर्ध्यावर. ‘गरजूंना जरूर द्या, पण ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांना सरकारच्या पैशाने कशाला जेवू घालायचं?’ प्रश्न वरवर अगदी रास्त वाटतो. विचारणारी माणसं दुष्ट नसतात, बहुतेकदा काटकसरी असतात. पण त्या फळा पुसणाऱ्या मुलीला हा प्रश्न विचारून बघितला की तो कुठे लंगडा पडतो ते कळतं.

हा वाद जुना आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८८० साली शाळा सक्तीची झाली आणि तोवर गल्लीबोळांत, कारखान्यांत, घरांत विखुरलेली भूक एकदम बाकांवर येऊन बसली. शिक्षकांनी ती पाहिली. काही दानशूर मंडळींनी सूप वाटायला घेतलं, पण ते त्यांच्या मर्जीवर आणि वर्गणीवर चालायचं. त्यातच दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी सैन्यभरती करताना तरुणांमागून तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले आणि राज्यकर्ते हादरले. १९०६ साली स्थानिक संस्थांना शाळेत जेवण द्यायची मुभा देणारा कायदा झाला. नुसती मुभा, सक्ती नाही.

त्यानंतरच्या वर्षी ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात जे घडलं ते मला पुन:पुन्हा आठवतं. तिथले शाळांचे वैद्यकीय अधिकारी राल्फ क्रॉली यांनी ४० मुलं निवडली. एप्रिल ते जुलै त्यांना शाळेच्या दिवशी न्याहारी आणि दुपारचं जेवण दिलं. टेबलांवर कापडं अंथरली, फुलं ठेवली. मुलांची वजनं नेमाने घेतली आणि जेवण न मिळणाऱ्या तशाच मुलांच्या वजनांशी ताडून पाहिली. जेवणारी मुलं भराभर भरली, यात नवल नाही. खरी गोष्ट त्या आलेखात आहे. वर चढत जाणारी रेघ मध्येच खाली येते. त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. सुट्टी संपली, जेवण सुरू झालं, रेघ पुन्हा चढली. घरी काय शिजत होतं आणि काय शिजत नव्हतं, हे सांगायला दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज उरली नाही.

टेबलावरची ती फुलं मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटतात. कुणीतरी विचार केला होता की ही मुलं भिकेच्या रांगेत नाहीत, जेवायला बसली आहेत. शाळेतल्या जेवणाच्या सगळ्या धोरणाचा कस मला इथे लागलेला दिसतो. अन्न पोचलं का, एवढंच विचारून भागत नाही. ते घेताना मुलाची मान कशी होती, हेही विचारावं लागतं.

फक्त गरजूंना द्यायचं ठरलं की गरजू कोण हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी अर्ज आला, उत्पन्नाचा दाखला आला, तो आणायला बुडवलेली मजुरी आली, दाखल्यावरची तारीख उलटून गेली म्हणून मारलेला दुसरा हेलपाटा आला. ज्या घरात हे सगळं जमवणारं शहाणंसुरतं माणूस आहे, त्या घरचं मूल यादीत लागतं. ज्याचे आईबाप काम शोधत गाव सोडून गेलेत आणि जे आजीपाशी राहतं, ज्याच्या घरी दारू आहे, आजारपण आहे, ज्याच्या आईला अर्जच वाचता येत नाही, ते मूल नेमकं यादीबाहेर राहतं. सगळ्यात खोल गरज सगळ्यात कमी कागदांवर उमटते. शिवाय उत्पन्नाची रेघ कुठेही मारा, तिच्या बोटभर वर एखादं घर असतंच, आणि त्या घरातला कमावता माणूस महिनाभर आजारी पडला की यादी लगेच बदलत नाही. मुलाची भूक मात्र लगेच बदलते.

यादी झाली, समजा अगदी अचूक झाली, तरी ती वर्गात दिसते. अमेरिकेत १९४६ साली राष्ट्रीय शालेय भोजन कायदा झाला. मुलांचं पोषण हा राष्ट्राच्या सुरक्षेचा भाग आहे, असं त्या कायद्यातच लिहिलं होतं. इतक्या गंभीरपणे सुरू झालेल्या योजनेत काही मुलांना मोफत, काहींना सवलतीत आणि काहींना पूर्ण पैशात जेवण असे तीन थर झाले. पुढे काही शाळांत खात्यावर पैसे नसलेल्या मुलांच्या हातावर शिक्के मारले गेले, वाढलेलं ताट त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकलं गेलं, जेवणाच्या बदल्यात त्यांच्याकडून कामं करून घेतली गेली. हे बंद करायला न्यू मेक्सिको राज्याला २०१७ साली वेगळा कायदा करावा लागला. वाढलेलं अन्न मुलासमोर फेकून देण्यात कुणाचाही एक पैसाही वाचत नाही. तरी ते होत होतं, कारण यादी हाताशी आली की अन्नापेक्षा हिशेब मोठा होतो. त्याच देशात नंतर गरीब वस्त्यांमधल्या अख्ख्या शाळांना अर्जाविना मोफत जेवण द्यायची सोय झाली आणि कॅलिफोर्निया, मेन यांसारख्या राज्यांनी सार्वजनिक शाळांतल्या सगळ्या मुलांसाठी जेवण मोफत केलं. एवढा मोठा वळसा घालून ती राज्यं जिथे आली, तिथूनच सुरुवात करता आली असती.

तशी सुरुवात करणारा देश आहे. फिनलंडने शाळेतल्या सगळ्या मुलांना मोफत जेवणाचा कायदा केला तो १९४३ साली. तेव्हा तो देश युद्धात होता आणि आजच्यासारखा श्रीमंत मुळीच नव्हता. तयारीला पाच वर्षं दिली आणि १९४८ पासून सगळ्या प्राथमिक शाळांत जेवण सुरू झालं. सुरुवातीच्या काळात मुलं रानातली फळं वेचून शाळेच्या स्वयंपाकघरात आणून देत. ‘आधी श्रीमंत होऊ, मग सगळ्यांना जेवू घालू’ असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

श्रीमंतांच्या मुलांवर खर्च वाया जातो का, याचं उत्तर शेजारच्या स्वीडनमध्ये मिळतं. १९५९ ते १९६९ या काळात तिथे एकेका नगरपालिकेने प्राथमिक शाळांत सकस आणि मोफत जेवण सुरू केलं. कुठे आधी, कुठे नंतर. त्यामुळे अनेक वर्षांनी संशोधकांना तुलना करता आली. ज्यांना शाळेची सगळी नऊ वर्षं हे जेवण मिळालं, त्यांची आयुष्यभराची कमाई सरासरी ३ टक्क्यांनी जास्त भरली, उंचीही थोडी वाढलेली दिसली. सर्वाधिक लाभ गरीब घरच्या मुलांना झाला, पण बाकीच्यांनाही झाला. सधन घरात अन्न असतं, ते सकस असतंच असं नाही. आणि समजा त्या मुलांना काहीच फायदा झाला नसता, तरी माझं मत बदललं नसतं. सधन मुलाचं ताट हे शेजारच्या मुलाच्या अब्रूचं मोल आहे. दोघं तेच खातात, म्हणून कुणालाच कळत नाही की एकाला त्याची गरज होती. आणि ज्यांची मुलं त्या पंगतीत बसतात ते आईबाप तक्रार करतात, डाळ पातळ झाली तर विचारायला येतात. केवळ गरिबांसाठी चाललेल्या स्वयंपाकघराचा दर्जा घसरला तर विचारायला कोण येतं? ब्रिटनमध्ये १९४४ च्या कायद्याने शाळेत जेवण देणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य झालं होतं. १९८० साली ते फक्त मोफत जेवणाला पात्र मुलांपुरतं उरलं आणि पोषणाचे किमान निकषही त्याच कायद्याने काढून टाकले. सगळ्यांचं जेवण काही जणांचं झालं आणि त्याच वेळी त्याची प्रतही कुणाची जबाबदारी उरली नाही, हा मला योगायोग वाटत नाही. २०१४ साली इंग्लंडने शाळेच्या पहिल्या तीन वर्षांसाठी जेवण पुन्हा सगळ्यांना मोफत केलं.

‘मुलांना जेवू घालणं हे आईबापांचं काम आहे. सरकारने ते हाती घेतलं तर आईबाप बेजबाबदार होतील.’ हा आक्षेप १९०६ च्या चर्चेतही होता आणि आजही आहे. मला त्याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. स्वत: उपाशी राहून मुलाच्या पानात घास टाकणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. शाळेत एक वेळ जेवण मिळालं म्हणून त्यांनी मुलाकडे पाठ फिरवली, असं एकही उदाहरण मला आठवत नाही. घरी वाचलेला तो एक घास धाकट्या भावंडाच्या वाट्याला जातो, एवढंच होतं. आणि मुलाला शिकवणं हेही एकेकाळी आईबापांचंच काम समजलं जायचं. आपण सक्तीने मुलाला घरातून उचलून पाच-सहा तास बाकावर बसवतो, त्या तासांत त्याने काय करायचं ते आपण ठरवतो. मग त्या तासांतली त्याची भूक एकट्या आईबापांची कशी?

कोरडा शिधा घरी दिला तर शाळेची कटकट वाचते, असंही सुचवलं जातं. भारताने हे करून पाहिलं आहे. १९९५ साली देशभर योजना सुरू झाली तेव्हा तमिळनाडूसारखी मोजकी राज्यं सोडली तर बहुतेक ठिकाणी शिजवलेल्या अन्नाऐवजी ८० टक्के हजेरीच्या अटीवर महिन्याला ३ किलो धान्य मिळायचं. ते घरी जायचं आणि घरातल्या सगळ्या तोंडांत वाटलं जायचं, जे अगदी साहजिक आहे. वर्गातलं मूल दुपारी उपाशी ते उपाशीच. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असू द्या, वर्षातले किमान २०० दिवस द्या. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ सालीच शाळेत जेवण सुरू केलं होतं आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर वाढवलं. देशाला त्या वाटेवर यायला न्यायालयाचा बडगा लागला.

त्याचं फळ काय? राज्यांनी वेगवेगळ्या वेळी शिजवलेलं जेवण सुरू केलं, त्या फरकाचा आधार घेऊन २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाखो मुलांच्या चाचण्या पाहिल्या गेल्या. ज्यांना पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालं, त्यांचे वाचनाचे गुण वर्षभराहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी आणि गणिताचे ९ टक्क्यांनी जास्त होते. फायदा वर्षागणिक साठत गेला, हे त्यातलं मर्म. दोन दिवस पोटभर जेवून कुणी हुशार होत नाही. २०२१ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात याहून लांबचा धागा सापडला. ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्या आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये वाढ खुंटण्याचं प्रमाण कमी आढळलं. शाळेतलं ताट एका पिढीत रिकामं होत नाही, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

पण माझी बाजू भक्कम करण्यासाठी मी अर्धंच सांगणार नाही. जमैकातल्या खेड्यांतल्या चार शाळांमध्ये न्याहारीचा मुलांच्या वागण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं होतं, १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. ज्या शाळेत प्रत्येक मुलाला बसायला नीट जागा होती, वर्ग सुटे होते, तिथे न्याहारीनंतर मुलं कामात जास्त रमली. दाटीवाटीच्या तीन शाळांत मात्र खाल्लेली मुलं एकमेकांशी जास्त बोलू लागली, लक्ष उलट कमी झालं. अंगात जोर आला आणि तो वापरायला काही नव्हतं! याचा अर्थ जेवण देऊ नका असा कुणी काढला तर तो उफराटा अर्थ होईल. जेवणाने मूल शिकायला तयार होतं, शिकवायला मात्र शिक्षक आणि वर्ग लागतोच. जेवणाच्या खर्चाकडे बोट दाखवून शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणारं सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं.

इथेच शिक्षकांच्या तक्रारीबद्दल बोललं पाहिजे, कारण मी त्यातलीच. ‘आम्ही शिकवायचं की तांदूळ मोजायचे?’ ही तक्रार खरी आहे. धान्याची पोती, तेलाचा हिशेब, रोजची माहिती वर पाठवणं, हे शिक्षकाचं काम नव्हे. पण त्यावर इलाज जेवण बंद करणं हा नाही. हिशेबाला वेगळं माणूस द्या, स्वयंपाकाला पुरेशी माणसं द्या, आणि त्यांना पगार द्या. भारतात शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाया हे काम ‘मानधनावर’ करतात आणि केंद्राच्या हिशेबाने वर्षाचे दहाच महिने. लाखो मुलांची शाळा ज्यांच्या हातावर चालते, त्यांना कर्मचारी म्हणायलाही आपण तयार नाही. पहाटे घरचं आवरून येणारी, धुरात उभी राहून शंभर मुलांचं शिजवणारी, कुठलं पोर आज कमी जेवलं हे नाव घेऊन सांगणारी ती बाई शाळेतली सगळ्यात जाणती व्यक्ती असते. मी तिला विचारायला लागले तेव्हा माझ्या वर्गाबद्दल मला जे कळलं, ते कुठल्या चाचणीने कळलं नव्हतं.

आणि सुरक्षितता. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं मेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. अशा घटनेपुढे कुठलाही युक्तिवाद लटका पडतो आणि मी इथे आकड्याला आकडा लावणार नाही. त्या मुलांना शाळेने जेवायला बोलावलं होतं. म्हणून मी म्हणते की साठवणीला कुलपाची स्वतंत्र खोली, मुलांच्या आधी मोठ्या माणसाने चव घेणं, पाण्याची तपासणी, या गोष्टी ‘पैसे उरले तर’ या यादीत असूच नयेत. स्वस्तात स्वस्त कंत्राट काढायचं आणि दुर्घटना झाली की योजनेलाच दोष द्यायचा, ही लबाडी आहे. ब्राझीलने २००९ साली कायदा करून शालेय जेवणासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यासाठी राखून ठेवली. शेतकऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळालं, आणि ताटातलं अन्न कुणाच्या शेतातून आलं हे गावाला माहीत असणं हीदेखील एक राखण असते.

एका बाबतीत मी स्वत: मत बदललं आहे. पूर्वी मला वाटायचं, दुपारचं जेवण मिळालं की झालं. पण दुपार व्हायच्या आत भाषा आणि गणित होऊन गेलेलं असतं. मूल आदल्या रात्री अर्धपोटी झोपलं असेल तर दुपारचं ताट येईपर्यंत दिवसाचा मुख्य भाग हातचा गेलेला असतो. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये १५४५ सरकारी शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. जिथे फक्त एकदाच खायला देणं शक्य आहे तिथे निदान वेळ तरी अलीकडे आणता येते का, हे पाहावं. घंटा कधी वाजवायची ते आपल्याच हातात असतं.

जगात आज निदान ४६.६ कोटी मुलांना शाळेत जेवण मिळतं आणि त्यावरचा जवळजवळ सगळा पैसा देशांच्या स्वत:च्या तिजोरीतून येतो, परदेशी मदतीतून नाही. म्हणजे हे कुणाचं दान उरलेलं नाही, पाणी आणि रस्त्यासारखं ते सार्वजनिक काम झालं आहे. तरीही त्याला अजून ‘कल्याणकारी योजना’ म्हणतात, अंदाजपत्रकात कात्री लावताना पहिली नजर तिथेच जाते, आणि शाळा बंद झाली की तेही बंद होतं. २०२० साली महामारीत शाळांना कुलपं लागली तेव्हा जगभरात ३७ कोटी मुलांचं हे जेवण थांबलं. अभ्यास बुडू नये म्हणून आपण पडद्यावर तास घ्यायला काही आठवड्यांत शिकलो. जेवण बुडू नये म्हणून तेवढी धडपड फार थोड्या ठिकाणी झाली. आणि महामारीचं सोडा, दर वर्षी मोठी सुट्टी येतेच. ब्रॅडफर्डच्या आलेखातली ती खाली आलेली रेघ शंभराहून अधिक वर्षं झाली तरी तशीच आहे. सुट्टीत शाळेचं स्वयंपाकघर चालू ठेवता येतं. पुस्तकं वाचायला, खेळायला मुलं यावीत आणि जेवून जावीत. हे अवघड आहे, अशक्य नाही, आणि त्याची तरतूद शाळेच्या वर्षाच्या तरतुदीतच हवी.

आमच्या शाळेत जेवण सुरू झालं तेव्हा ती मुलगी वरच्या वर्गात गेली होती. पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना एका ओळीत बसवलं, कुणाचं नाव पुकारलं नाही, कुणाकडे कागद मागितला नाही. ती ओळीत मधोमध बसली होती. तिने दोनदा वाढून घेतलं. शेजारच्या मुलीनेही घेतलं, तिच्या घरी काही कमी नव्हतं. दोघींचं कशावरून तरी भांडण चाललं होतं आणि वाढणाऱ्या बाई दोघींनाही दटावत होत्या.

त्या दुपारी मी तिच्या वर्गावर तासाला गेले. फळ्यावर सकाळचं गणित तसंच होतं, सुट्टीत कुणीच पुसलं नव्हतं. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले.